टॉवेलाची खुर्ची आणि नियम सातवा

कचेरीत माणसाची किंमत त्याच्या खुर्चीवरून ठरते आणि खुर्चीची किंमत तिच्या पाठीवर टाकलेल्या टॉवेलावरून. हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने त्र्याहत्तर साली आमच्या नगरपालिकेत येऊन साहेबराव ओव्हाळांना बघायला हवं होतं. नगरपालिकेचं नाव मी सांगणार नाही, उगाच कुणाला ठसका लागायचा. पिंपरी-चिंचवडच्या आजूबाजूला तेव्हा एकीकडे कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहत होत्या आणि दुसरीकडे नगरपालिका. त्यातलीच एक समजा.

साहेबराव सभा विभागाचे हेडक्लार्क. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं, चकत्या पाडाव्यात तशी कागदाची चळत पाडणारं एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि ते यंत्र फिरवणारा एक कारकून. सभेची पत्रिका काढायची, नगरसेवकांनी केलेली भांडणं शुद्ध मराठीत लिहून काढायची आणि त्याला इतिवृत्त म्हणायचं, हे काम. पण खुर्ची! हातांची, वेताने विणलेली, आणि तिच्या पाठीवर निळ्या काठाचा टॉवेल. कस्तुराबाई तो दर रविवारी धूत आणि सोमवारी साहेबराव तो घडी करून बसमध्ये छातीशी धरून आणत. बिनहाताच्या खुर्चीतल्या कारकुनाने एकदा आपल्या खुर्चीवर रुमाल टाकून पाहिला होता. साहेबरावांनी नुसतं बघितलं. रुमाल खिशात गेला.

आता ही खुर्ची साहेबरावांकडे आली कशी, तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. बासष्ट साली चीनचं युद्ध पेटलं तेव्हा इथे साधी ग्रामपंचायत होती. तिचा कारकून ज्योतीराम भोंडवे. त्याने रेडिओवर बातमी ऐकली, टाक दौतीत ठेवला आणि तडक भरतीला गेला. रिकाम्या जागेवर साहेबरावांना ‘तात्पुरते’ म्हणून घेतलं. पुढे पंचायतीची नगरपालिका झाली, तात्पुरत्याचे कायम झाले, कायमचे हेडक्लार्क झाले. आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय हे साहेबराव विसरूनही गेले होते. दहा वर्षांत माणूस लग्नातली भांडणं विसरतो, ही तर नोकरी.

आणि बांगलादेशचं युद्ध आटोपल्यावर ज्योतीराम परत आला. धडधाकट दिसणारा, मिशीवाला, हातात लोखंडी ट्रंक. म्हणाला, “आमी आलो. काम द्या.”

सरकारचं परिपत्रक होतंच की माजी सैनिकांना परत सामावून घ्या. पाणीपुरवठ्याने एक घेतला, जकात नाक्याने दोन घेतले. ज्योतीरामचा अर्ज आला तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. “हे सभेचे सेवक होते. सभेचा सेवक सभेचा, माझा नाही. परिपत्रक माझ्या लोकांना लागू. सभेने स्वतःचे नियम करावेत.” सभा म्हणाली, करू. म्हणजे कोण करणार, हे कुणी म्हणालं नाही. म्हणून ज्योतीराम रोज सकाळी यायचा आणि सभा विभागाच्या दाराबाहेर उभा राहायचा. भावाच्या घरात किती दिवस पाहुण्यासारखं जेवायचं? भावजय वाढायची प्रेमाने, पण वाढता वाढता “आज काय म्हनले नगरपालिकेत?” एवढं विचारायची, आणि त्याचा घास तिथेच अडायचा.

बाहेर चांगला लांबलचक बाक होता. साहेबराव जाता-येता म्हणायचे, “अहो, बसा की ज्योतीराम.”

“न्हाई साहेब. उभाच बरा हाय.”

साहेबरावांना हे फार आवडलं. घरी कस्तुराबाईंना म्हणाले, “शिस्त बघ. हेडक्लार्क आत बसलेला असताना बाहेर बसत नाही. याला म्हणतात खुर्चीचा मान.” हे त्यांनी शेजारच्या सोपानरावांनाही सांगितलं आणि बसमध्ये दोन अनोळखी माणसांनाही.

अशा गुणी माणसाचं काम अडलेलं साहेबरावांना बघवेना. नगराध्यक्ष नानासाहेबांकडे जाऊन ते म्हणाले, “साहेब, नियमावली मी लिहितो.” नानासाहेबांना कुणीतरी काहीतरी स्वतःहून करतोय याचाच इतका धक्का बसला की त्यांनी लगेच हो म्हटलं. अशा रीतीने ‘सभा विभागातील सेवकांपैकी माजी सैनिकांचे नोकरीविषयक हक्क व ते बजावण्याची रीत याबाबतची नियमावली’ जन्माला आली. नाव लिहितानाच साहेबरावांचा अर्धा दिवस गेला, पण झालं मात्र भारदस्त.

संध्याकाळी ते वसाहतीत आले ते छाती काढूनच. “कस्तुरा, मी कायदा करतोय.”

“करा. आधी नळ बघा, गळतोय,” कस्तुराबाई म्हणाल्या.

पण बातमी पसरली. कामगारांच्या वसाहतीत भिंती इतक्या पातळ की एकाने सुपारी फोडली तर दुसरा चुना पुढे करतो. रविवारी सकाळी साहेबरावांच्या ओट्यावर गर्दी जमली. नियम दुसरा होता व्याख्येचा: माजी सैनिक म्हणजे कोण? झालं! सगळेच निघाले माजी सैनिक. एकजण भरतीला गेला होता, पाय सपाट म्हणून परत पाठवला होता. “मी गेलो होतो की नाही? त्यांनी घेतलं नाही हा त्यांचा दोष.” एक क्लॅरिनेटवाला म्हणाला, सुभेदाराच्या पोरीच्या लग्नात मी वाजवलंय, जेवणसुद्धा पलटणीचंच होतं. मागून काठी टेकत चतुराबाई आल्या. पवनेच्या पात्रातून वाळू वाहायचा त्यांचा धंदा.

“साहेबराव, माझं खेचर पलटनीनं नेलं. चीनच्या वक्ताला. सायबानं सोता दात बघून निवडलं. त्याचा हक लिवा.”

“मावशी, खेचर सभा विभागात कामाला होतं का?”

“न्हवतं. पर तुमच्या सभेतली मानसं बघितल्यात मी. त्यांच्यापरास शानं व्हतं.”

हे साहेबरावांनाही पटलं, कारण इतिवृत्तं तेच लिहायचे.

सोपानराव मात्र कामाचा माणूस. इंजिनांच्या कंपनीत फिटर आणि युनियनचा सेक्रेटरी. पहिल्या शिफ्टहून आला की बनियनवर ओट्यावर बसायचा आणि सल्ले द्यायचा. तो म्हणाला, “राव, परत घ्यावे, एवढंच लिहिलंय तुम्ही? कुठं परत घ्यावे? तळाला? दहा वर्षं बंदूक धरलेल्या माणसाला कालच्या पोराच्या हाताखाली बसवता काय? सिनिऑरिटी लावा, सिनिऑरिटी! माणूस गेला नसता तर आज कुठं असता, तिथं तो पाहिजे.”

साहेबरावांच्या अंगावर शहारा आला. त्यांनी टाक उचलला आणि नियम सातवा एका दमात लिहिला: ‘असा सैनिक जणू एक दिवसही गैरहजर नव्हता असे समजून, देशसेवेस गेला नसता तर आज ज्या पदावर तो पोचला असता, त्याच पदावर त्यास सन्मानपूर्वक बसविण्यात यावे, व त्या पदावर इतर कोणी असल्यास त्याने आनंदाने बाजूस व्हावे.’

‘आनंदाने’ हा शब्द त्यांचा स्वतःचा. सोपानरावाने मांडीवर थाप मारली. क्लॅरिनेटवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबरावांनी ते वाक्य कचेरीत वाचून दाखवलं, बसच्या कंडक्टरला वाचून दाखवलं, मुख्याधिकाऱ्यांना वाचून दाखवलं. मुख्याधिकारी त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत म्हणाले, “मोठ्या मनाचे आहात, ओव्हाळ.” साहेबरावांना ती स्तुती वाटली. नानासाहेबांनी तर मसुदाच मागून नेला. नियमावलीच्या प्रती निघाल्या आणि नगरसेवकांच्या घरोघर पोचत्याही झाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी ते कस्तुराबाईंनाही ऐकवलं. कस्तुराबाई मेथी निवडत होत्या. ऐकून घेतलं. एक जुडी निवडून झाली. मग म्हणाल्या, “अहो, ज्योतीरामभाऊ गेले नसते तर आज कुठं पोचले असते?”

“म्हणजे काय? कारकुनाचा हेडक्ला...”

आणि साहेबरावांचा चहा धोतरावर सांडला.

“आणि मग तुम्ही कुठं?” कस्तुराबाईंनी दुसरी जुडी घेतली.

काय सांगायचं? स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टाकाने, सायक्लोस्टाइलच्या साक्षीने माणसाने स्वतःची खुर्ची ओढून घेतली होती. वर ‘आनंदाने’ लिहून ठेवलं होतं. साहेबराव बनियनवरच सोपानरावाकडे धावले.

सोपानराव खवळला. “अन्याय आहे राव! तुमच्यावर अन्याय! युनियन उभी करतो तुमच्या मागं. कुणाविरुद्ध मोर्चा काढायचा, सांगा. कुणी केला हा नियम?”

“मी.”

सोपानरावाला एकदम दुसऱ्या शिफ्टची आठवण झाली, जी त्याला त्या दिवशी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी साहेबरावांनी नानासाहेबांना गाठलं. “साहेब, तो नियम सातवा जरा जड होतोय वाक्यात. काढावा म्हणतो.”

“काढता?” नानासाहेब ओरडलेच. “अहो ओव्हाळ, जवानांच्या सत्कारात मी तो पाठ म्हणून दाखवला! आयाबायांनी पदर डोळ्यांना लावले. आमच्या मंडळींनी घरी आल्यावर माझी दृष्ट काढली! आता तो काढायचा?”

“निदान ‘जागा रिकामी असल्यास’ एवढं तरी...”

“छे छे. चाल बिघडते.”

उपसूचना मांडायची तर सूचक हवा आणि अनुमोदक हवा. सूचक मिळाला, साहेबरावांनी त्याच्या वॉर्डातल्या दिव्याचा खांब मार्गी लावला होता. पण अनुमोदन द्यायला कुणी तयार होईना. सैनिकाच्या विरुद्ध हात वर करून निवडणुकीला सामोरं कोण जाणार? आणि दाराबाहेर ज्योतीराम उभाच. साहेबराव दिसले की हात जोडायचा. “साहेब, तुमी आमच्यासाठी येवढं करताय. भावजयीला सांगितलं मी, देवमानूस हाय म्हनून.” असं कुणी म्हटलं की साहेबरावांच्या डोळ्यांपुढे लगेच खुर्ची यायची, टॉवेलासकट.

शेवटी त्यांना भज्यांची आठवण झाली.

आमच्या सभेची एक रीत होती. सभेच्या मध्ये कांदाभजी यायची. भिवाच्या हॉटेलातून, चाकणच्या कांद्याची. भजी दारात दिसली की पुढ्यात असलेला विषय, मग तो गटाराचा असो की आकाशगंगेचा, ‘मंजूर, मंजूर’ म्हणून एका घोषात पास व्हायचा, आणि भजी संपली की सभासद पत्रिकेला हात पुसून घरी जायचे. कोरम मोडायचा. उरलेले विषय पुढच्या सभेत, तिथून पुढच्या. मुरलेला हेडक्लार्क जे व्हायला हवं ते भज्यांच्या थोडं आधी टाकतो आणि जे बुडायला हवं ते भज्यांनंतर. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. साहेबरावांनी नियमावली पत्रिकेत अगदी शेवटी ढकलली आणि भिवाला बजावलं, “चौथ्या विषयालाच भजी पाठव. उशीर नको.”

सभेचा दिवस उजाडला. पहिला विषय झाला, दुसरा, तिसरा झाला, चौथाही झाला. भजी नाहीत. साहेबरावांनी पाचव्या विषयावर मागल्या सभेचं इतिवृत्त पुन्हा वाचायला घेतलं. सहावा विषय पिंपळे गुरवच्या रस्त्याचा. त्यावर एरवी चपला निघायच्या, त्या दिवशी अवसानघातकी एकमत झालं. साहेबराव घाम पुसत बाहेर आले. कारकून सांगत आला, “भिवाकडं रॉकेल नाही. तो रेशनच्या रांगेत उभाय. स्टोव्ह थंड.”

“मेलो!” साहेबराव म्हणाले.

“काय झालं साहेब?” ज्योतीराम पुढे झाला.

“भजी! भजी पाहिजेत ज्योतीराम, आत्ताच्या आत्ता, नाहीतर सगळं मुसळ केरात.”

का पाहिजेत ते कसं सांगणार?

ज्योतीरामला वाटलं, आपलंच काम भज्यांपायी अडलंय. “मी आनतो की! त्यात काय!”

“कारकुनाची सायकल घ्या.”

“नको, नको. पायीच जातो.” आणि तो डावा-उजवा करत रस्त्याला लागलासुद्धा.

आत नानासाहेबांनी घंटी वाजवली. “शेवटचा विषय. वाचा ओव्हाळ.”

साहेबराव उभे राहिले. भजी येईपर्यंत वाचत राहायचं, भजी खाऊन होईपर्यंत वाचत राहायचं, कोरम मोडेपर्यंत वाचत राहायचं; वाचून संपल्याशिवाय ‘मंजूर’ कोण म्हणणार, असा त्यांचा बेत. आधी नियमावलीचं नावच त्यांनी एवढं सावकाश वाचलं की एका सभासदाला डुलकी लागली. नियम पहिला. खोकला. नियम दुसरा. पाणी. सपाट पायवाला, क्लॅरिनेटवाला सगळे कसे वगळले ते फोड करून सांगितलं. पाचवा झाला, सहावा झाला, साहेबरावांचा घसा बसत आला. सभासद भुकेने कासावीस झाले होते.

“नियम सातवा,” साहेबराव म्हणाले, आणि दार उघडलं.

दारात ज्योतीराम. धापा टाकत, दोन्ही हातांवर टोपलं, मिशीला राख लागलेली. भिवाच्या मागल्या अंगणात त्याने हॉटेलातल्या पोरांकडून तीन दगडांची चूल मांडून घेतली होती, लाकडं फोडली होती आणि स्वतः उभं राहून घाणे काढून घेतले होते. खमंग वास सभागृहात शिरला.

“मंजूर!” पहिल्या बाकावरून आवाज आला. “मंजूर, मंजूर!” सगळं सभागृह उठलं. “एकमताने मंजूर,” नानासाहेबांनी घंटी आपटली आणि दुसऱ्या हाताने भजं उचललं. नियम सातवा कुणी पुरता ऐकलाही नाही. साहेबराव कागद धरून उभेच होते. त्यांच्या हातात कुणीतरी दोन भजी ठेवली, चांगली गरम होती.

हुकूम साहेबरावांनाच लिहावा लागला, स्वतःला बाजूला करून पुन्हा कारकून करण्याचा. त्यात ‘आनंदाने’ हा शब्द नियमाप्रमाणे घालणं भाग होतं. सोमवारी त्यांनी धुतलेला टॉवेल घेतला नाही. कस्तुराबाईंनी तो पिशवीत घातला. “असू द्या. घाम तर पुसाल,” म्हणाल्या, आणि दारापर्यंत आल्या, जे त्या कधी करत नसत.

कचेरीत ज्योतीराम आधीच आला होता. हुकूम हातात घेऊन खुर्चीशेजारी उभा. त्याने कारकुनाची जागा मागितली होती, मिळाली ही. चेहरा रडवेला.

“साहेब, हे काय करून बसलात? मला ठाव असतं तर भजी आनलीच नसती.”

“बसा,” साहेबराव म्हणाले. “जागा तुमचीच होती. मी तात्पुरता.”

“बसवत न्हाई.”

“लाजू नका. बसा म्हणतो ना.”

“लाजायचं न्हाई ओ साहेब.” ज्योतीराम कानशिलापर्यंत लाल झाला. “बांगलात छर्रा लागला. हितं. बसायच्या जागी. डाक्टर म्हनले, काढता येत न्हाई, संबाळून ऱ्हावा. पानाची पिंक टाकायला बसलो तरी कळ मस्तकात जाते. सायकल न्हाई, बाक न्हाई, बस न्हाई. कसं सांगायचं चारचौघात?”

साहेबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने हा माणूस दाराबाहेर कळ सोसत उभा होता आणि आपण त्याला खुर्चीचा मान समजून वसाहतभर मिरवत होतो! त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की खुर्ची गेल्याचं दुःख तिच्यापुढे लाजून कोपऱ्यात गेलं. गेलं म्हणजे अगदीच गेलं नाही. पण गप्प बसलं.

“मग ही खुर्ची...” ते म्हणाले.

“तुमी बसा की. हेडक्लार्क मी हाय ना? माझा पयला हुकूम.”

पण उभ्या माणसाला बसक्या टेबलावर लिहिता कसं येणार? वाकलं की कळ. उंच मेजासाठी अर्ज केला असता तर मुख्याधिकाऱ्यांनी पुन्हा चष्मा वर केला असता. साहेबरावांनी कोट काढला, मागे नव्या इमारतीचं काम चाललं होतं तिथून विटा वाहून आणल्या आणि टेबलाच्या चारी पायांखाली रचल्या. टेबल ज्योतीरामच्या छातीला आलं. टॉवेल पिशवीतून काढून त्यांनी टेबलाच्या कडेवर अंथरला, कोपरं टेकायला. दोघांची व्यवस्था उत्तम झाली. फक्त खुर्चीत बसलेल्या साहेबरावांचं टेबलावरून कपाळ तेवढं दिसायचं.

आठवडाभराने चतुराबाई काठी टेकत आल्या. “साहेबराव कुठं गेला?” त्यांनी ज्योतीरामला विचारलं.

“इथं आहे मावशी,” टेबलामागून आवाज आला.

“आगं बया! खड्ड्यात बशीवला का काय तुला?”

“नाही. खुर्चीतच आहे. हातांची आहे.” साहेबरावांनी मान उंच केली. “बोला, काय काम?”

“सैनिकाचं झालं म्हनं. आता माझ्या खेचराचं लिवा. आलंच परत एखांद्या दिशी, तर?”

एरवी साहेबरावांनी हसून त्यांना वाटेला लावलं असतं. त्या दिवशी त्यांनी टाक दौतीत बुडवला.

“मावशी, आधी एक सांगा. खेचर गेल्यावर त्याच्या जागी तुम्ही कुणाला घेतलं?”

“गाढव घेतलं एक. तात्पुरतं म्हनून. आजून तेच हाय, गुणाचं हाय बिचारं.”

“मग आधी त्याचा नियम करू,” साहेबराव म्हणाले.